रात्रीच्या विमानांचा आवाज कसा आवरतात? हीथ्रोचा 'आवाजाचा कोटा' काय आहे?

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दिवसाची सुरुवात पहाटे साडेचारच्या सुमाराला होते. हाँगकाँग, सिंगापूर अशा ठिकाणांहून रात्रभर उडत आलेली विमानं एकामागोमाग एक उतरू लागतात. विमानातल्या प्रवाशांसाठी ही सोयीची वेळ असते. दिवस वाया जात नाही, पुढचं विमान गाठता येतं. पण पश्चिम लंडनमध्ये विमानांच्या मार्गाखाली राहणाऱ्यांसाठी तीच झोपमोडीची वेळ असते.

हीथ्रो हे जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे आणि ते दाट वस्तीला खेटून आहे. तरीही रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या वेळात तिथे वर्षभरात फक्त ५,८०० विमानांना उतरण्याची किंवा उडण्याची मुभा आहे. सरासरी काढली तर एका रात्रीला साधारण १६. त्यातही कोणतं विमान किती आवाज करतं, याचा वेगळा हिशेब ठेवला जातो.

हा हिशेब नेमका कसा चालतो? तो पुरेसा आहे का? आणि मुंबईहून युरोपला जाणारी विमानं मध्यरात्री का सुटतात, याच्याशी त्याचा काय संबंध?

रात्रीच्या आवाजाचा वेगळा विचार का?

विमान तेच, आवाज तोच. मग दिवसा चालतो तो आवाज रात्री का नको?

पहिलं कारण अगदी साधं आहे. रात्री रस्त्यावरची वाहनं, दुकानं, माणसं यांचा आवाज कमी झालेला असतो. त्यामुळे विमानाचा आवाज जास्त ठळकपणे ऐकू येतो.

दुसरं कारण आरोग्याचं आहे. झोपेत माणूस जागा झाला नाही तरी त्याचं शरीर आवाजाला प्रतिसाद देत असतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब काही वेळ चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी त्या व्यक्तीला यातलं काही आठवत नाही. पण हे रोज घडत राहिलं तर शरीरावर त्याचा ताण साठत जातो.

युरोपातल्या सहा मोठ्या विमानतळांभोवती झालेल्या 'हायेना' या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली दिसते, असं त्यात आढळलं. २०१३ मध्ये हीथ्रोभोवतालच्या सुमारे ३६ लाख लोकसंख्येचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. जिथे विमानांचा आवाज सर्वाधिक होता, तिथे पक्षाघात आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. असे अभ्यास संबंध दाखवतात. आवाज हेच एकमेव कारण आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या खाली ठेवावा, अशी शिफारस त्यात आहे. मोठ्या विमानतळाजवळच्या बहुतेक वस्त्यांसाठी हे उद्दिष्ट फार लांबचं आहे.

आधी डेसिबलचं गणित समजून घेऊ

डेसिबल ही किलो किंवा मीटरसारखी सरळ वाढत जाणारी मोजपट्टी नाही. ६० किलो हे ३० किलोच्या दुप्पट असतात, पण ६० डेसिबल हे ३० डेसिबलच्या दुप्पट नसतात.

आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. माणसाच्या कानाला मात्र आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणून "नवं विमान ३ डेसिबलने शांत आहे" हे वाक्य कागदावर मोठं असतं, पण खाली झोपलेल्या माणसाला तो फरक जेमतेम जाणवतो.

३ डेसिबलला दुप्पट, हाच नियम हीथ्रोच्या कोट्याचा पाया आहे.

'आवाजाचा कोटा' म्हणजे काय?

हीथ्रोवर रात्रीच्या विमानांवर निर्बंध १९६२ पासून आहेत. कोट्याची सध्याची पद्धत १९९३ मध्ये आली. हे नियम विमानतळ ठरवत नाही, ब्रिटिश सरकार ठरवतं. हीथ्रोसोबत गॅटविक आणि स्टॅन्स्टेड या विमानतळांनाही ते लागू आहेत.

प्रत्येक विमान सेवेत येण्याआधी त्याच्या आवाजाची चाचणी होते आणि तसं प्रमाणपत्र मिळतं. त्या आकड्यावरून विमानाला गुण दिले जातात. गुण लागणाऱ्यांपैकी सगळ्यात शांत गटाला ०.१२५ गुण. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला गुण दुप्पट होत जातात: ०.२५, ०.५, १, २, ४, ८ आणि सगळ्यात गोंगाटी गटाला १६. उतरताना आणि उडताना आवाज वेगळा असतो, म्हणून एकाच विमानाला दोन वेगळे गुण मिळतात. उदाहरणार्थ, जुन्या बोइंग ७४७-४०० ला उडताना ४ आणि उतरताना २ गुण लागतात. त्याहून मोठ्या एअरबस ए३८० ला उडताना २ आणि उतरताना फक्त ०.५.

आता हिशेब. २०१८ मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार हीथ्रोला उन्हाळी हंगामात ३,२५० विमानं आणि २,७३५ गुण मिळतात. हिवाळी हंगामात २,५५० विमानं आणि २,४१५ गुण.

समजा, उन्हाळ्यात रात्री येणारं प्रत्येक विमान २ गुणांचं असेल, तर १,३६७ विमानांतच गुण संपतील. विमानांची मर्यादा शिल्लक असूनही पुढचं विमान घेता येणार नाही. उलट प्रत्येक विमान ०.५ गुणांचं असेल, तर सगळी ३,२५० विमानं बसतील आणि गुणही उरतील. म्हणजे शांत विमान वापरणाऱ्या कंपनीला फायदा.

फार गोंगाटी विमानांना वेगळी बंदी आहे. ८ आणि १६ गुणांच्या विमानांचं वेळापत्रकच रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात लावता येत नाही. २०२२ पासून ४ गुणांच्या विमानांनाही साडेअकरा ते सहा या वेळात मनाई झाली.

एका हंगामात मर्यादा पूर्ण वापरली नाही, तर १० टक्क्यांपर्यंतचा भाग पुढच्या हंगामात नेता येतो. मर्यादा ओलांडली तर तेवढा भाग पुढच्या हंगामातून कापला जातो आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त ओलांडली तर त्यावरचा भाग दुपटीने कापला जातो. आणीबाणीत उतरणाऱ्या विमानांना आणि मोठ्या प्रमाणावर वाहतूक विस्कळीत झाल्यास सूट मिळू शकते.

कोट्यामुळे विमानं खरंच बदलली का?

हो, आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ए३८० हेच आहे. या दुमजली विमानाची आखणी चालू असताना ते विकत घेऊ पाहणाऱ्या कंपन्यांना हीथ्रोची पहाटेची वेळ हवी होती. त्यासाठी विमान उडतानाच्या २ गुणांच्या गटात बसणं गरजेचं होतं. म्हणून इंजिनाचा पुढचा पंखा मोठा केला गेला. त्यामुळे वजन वाढलं आणि इंधनाच्या बाबतीत थोडी तडजोड करावी लागली. एका विमानतळाच्या रात्रीच्या नियमाने जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रवासी विमानाच्या रचनेवर असा परिणाम केला.

मग रहिवासी समाधानी का नाहीत?

रहिवाशांचे तीन मुख्य आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा, की गुण कागदावरच्या प्रमाणपत्रावरून ठरतात. त्या रात्री, त्या घरावर प्रत्यक्ष किती आवाज झाला, त्यावरून नाही. विमान खालून गेलं, वारा वेगळा होता किंवा वैमानिकाने चाकं लवकर बाहेर काढली, तर खालचा आवाज बदलतो. गुण मात्र तेच राहतात.

दुसरा आक्षेप सरासरीबद्दल आहे. रात्रभराचा सरासरी आवाज कमी दिसू शकतो, पण माणूस सरासरीने जागा होत नाही. तो पहाटे पावणेपाचच्या एका विमानाने जागा होतो.

तिसरा आक्षेप हा, की विमानं जसजशी शांत होत गेली तसतसे गुण उरू लागले. मग गुणांची मर्यादा नावापुरतीच उरते आणि खरी अडवणूक करतो तो विमानांच्या संख्येचा आकडा.

हा संख्येचा आकडासुद्धा भांडून मिळालेला आहे. १९९३ मध्ये सरकारने योजना आणली तेव्हा तिचा भर फक्त गुणांवर होता. विमानांच्या संख्येवर वेगळी मर्यादा नव्हती. रिचमंडसह स्थानिक पालिका न्यायालयात गेल्या. कायद्यानुसार विमानांची कमाल संख्या ठरवणं बंधनकारक आहे, असं म्हणत न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरवली. आज दोन्ही मर्यादा एकत्र दिसतात, त्याचं मूळ या निकालात आहे.

'शांत झोप' हा हक्क आहे का?

हा प्रश्न थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. हीथ्रोजवळच्या आठ रहिवाशांनी केलेला हा खटला 'हॅटन विरुद्ध युनायटेड किंगडम' या नावाने ओळखला जातो. १९९३ च्या योजनेमुळे झोपमोड होते आणि त्यातून घर आणि खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

२ ऑक्टोबर २००१ रोजी न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटन सरकारने मोठ्या पीठाकडे दाद मागितली आणि ८ जुलै २००३ रोजी निकाल फिरला. १२ विरुद्ध ५ अशा बहुमताने मोठ्या पीठाने म्हटलं की या हक्काचा भंग झालेला नाही. देशाचं आर्थिक हित आणि रहिवाशांचं हित यांत तोल साधण्यासाठी सरकारला पुरेशी मोकळीक असते, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्या भागातल्या घरांच्या किमती पडलेल्या नाहीत, त्यामुळे रहिवासी तोटा न होता दुसरीकडे जाऊ शकतात, हेही न्यायालयाने विचारात घेतलं. यावर तेव्हा बरीच टीका झाली.

पण रहिवासी अगदीच रिकाम्या हाताने परतले नाहीत. या तक्रारीवर परिणामकारक दाद मागण्याची सोय ब्रिटनमध्ये तेव्हा नव्हती, हे न्यायालयाने मान्य केलं.

फ्रँकफर्टने वेगळं काय केलं?

जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये मात्र न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने वजन टाकलं. तिथे नवी धावपट्टी बांधायची होती. धावपट्टीच्या बदल्यात रात्रीची बंदी, असा तोडगा २००० मध्ये मध्यस्थीतून पुढे आला होता. पण हेसन राज्याच्या सरकारने नंतर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात १७ विमानांना मुभा दिली. त्यात मालवाहू विमानांचा विचार प्रामुख्याने होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये, नवी धावपट्टी सुरू होण्याच्या काही दिवस आधी, राज्याच्या न्यायालयाने ही विमानं थांबवली. ४ एप्रिल २०१२ रोजी लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने बंदी कायम केली. रात्री १० ते ११ आणि पहाटे ५ ते ६ या कडेच्या तासांसाठीही वर्षाच्या सरासरीने रोज १३३ विमानांची मर्यादा आली.

याची किंमत मालवाहतूक कंपन्यांनी मोजली. रात्री माल उचलून सकाळी पोहोचवणं हा त्यांच्या धंद्याचा कणा असतो.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत तर १९९५ पासून वेगळा कायदाच आहे. तिथे रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी असते, मोजक्या विमानांना अपवाद मिळतो. जपानमध्ये ओसाकाचं इतामी विमानतळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असतं. तिथल्या आवाजाच्या तक्रारींमुळे समुद्रात कृत्रिम बेट तयार करून कन्साई विमानतळ बांधलं गेलं. १९९४ मध्ये सुरू झालेलं ते विमानतळ चोवीस तास चालतं.

बंदी सोडून दुसरे उपाय नाहीत का?

आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये चार उपायांची चौकट मांडली.

• विमानच शांत करणं: नव्या विमानांसाठी आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत आली आहे.

• जमिनीचा वापर आखणं: जिथे आवाज सर्वाधिक, तिथे नवी घरं, शाळा, रुग्णालयं होऊ न देणं. आधीच असलेल्या घरांना दुहेरी काचा बसवायला मदत करणं.

• उडवण्याची पद्धत बदलणं: पायऱ्यापायऱ्यांनी उतरण्याऐवजी विमान एका सलग उताराने खाली आणलं तर इंजिनाचा जोर कमी लागतो. जास्त वेळ उंचावर राहिल्यामुळे खाली आवाजही कमी पोहोचतो. नेहमीच्या ३ अंशांऐवजी ३.२ अंशांच्या उताराचे प्रयोग हीथ्रो आणि फ्रँकफर्ट दोन्हीकडे झाले. धावपट्ट्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येक वस्तीला काही काळ विसावा मिळतो. हीथ्रोवर ही अदलाबदल दिवसा दुपारी ३ वाजता होते.

• निर्बंध घालणं: कोटा, रात्रीची बंदी, गोंगाटी विमानांना मनाई. पहिले तीन उपाय तपासल्याशिवाय थेट इथे येऊ नये, असं संघटना सांगते.

यात एक मेख आहे. मार्ग बदलल्याने आवाज नाहीसा होत नाही, तो एका वस्तीवरून उचलून दुसऱ्या वस्तीवर टाकला जातो. म्हणून विमानमार्ग बदलण्याचा निर्णय तांत्रिक वाटला तरी तो राजकीय ठरतो.

मुंबईशी याचा संबंध काय?

मुंबईहून लंडन, फ्रँकफर्टला जाणारी अनेक विमानं मध्यरात्री ते पहाटे तीनच्या दरम्यान का सुटतात, हा प्रश्न बऱ्याच प्रवाशांना पडतो. घड्याळ मांडून बघा. रात्री २ वाजता निघालेलं विमान साडेनऊ-दहा तासांनी, भारतात सकाळचे साडेअकरा-बारा वाजलेले असताना लंडनला पोहोचतं. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे तिथे तेव्हा सकाळचे सहा-साडेसहा झालेले असतात. रात्रीचे निर्बंध नुकतेच संपलेले आणि पुढची विमानं गाठायला अख्खा दिवस हातात.

रात्रीचे निर्बंध हे यामागचं एकमेव कारण नाही. युरोपातून पुढे जाणाऱ्या विमानांची सकाळची गर्दी आणि विमानतळांवर मिळणाऱ्या वेळा हेही महत्त्वाचं आहे. पण परिणाम एकच दिसतो. युरोपातल्या शहरांनी आपली रात्र राखली आणि त्या रात्रीतला काही आवाज कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले, अंधेरीच्या आकाशात आला.

भारतात नियम नाहीत असं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी या वेळेतली मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण विमानतळांच्या परिसरासाठी केंद्राने २०१८ मध्ये वेगळी मानकं आणली. वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांसाठी ती दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल आहेत. इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०.

मुंबईचं विमानतळ चोवीस तास चालतं. हीथ्रोसारखा गुणांचा कोटा किंवा फ्रँकफर्टसारखी रात्रीची बंदी तिथे नाही.

पुढे काय?

हीथ्रोवर तिसऱ्या धावपट्टीची चर्चा जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने पाठिंबा जाहीर केल्यापासून पुन्हा तापली आहे. २०१८ च्या सरकारी धोरणात या धावपट्टीसोबत एक अट आहे. रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांपैकी साडेसहा तास नियोजित विमानं पूर्ण बंद ठेवायची. ती पाळली गेली तर पहाटे साडेचारची विमानं जातील. विमान कंपन्यांना हीच वेळ सोडायची नाही. रहिवाशांना रात्रीची शांतता हवी आहे, पण त्यासाठी दिवसाची हजारो विमानं वाढवून घेणं अनेकांना मान्य नाही.

महाराष्ट्रासाठी यातला सगळ्यात उपयोगी धडा जमिनीच्या वापराचा आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि उलवे, पनवेल परिसरात इमारती वेगाने उभ्या राहत आहेत. हीथ्रोभोवती वस्ती आधीच दाट होती, म्हणून तिथे एकेका विमानाचे गुण मोजावे लागतात. विमानमार्गाखाली काय बांधायचं, कुठे दुहेरी काचा सक्तीच्या करायच्या आणि घर घेणाऱ्याला आवाजाची पातळी आधी सांगायची का, हे निर्णय इमारत उभी राहण्याआधी घेता येतात. त्यानंतर मात्र कोटा, न्यायालय आणि बंदी एवढेच मार्ग शिल्लक राहतात.